शब्दचर्चा : ‘सुरक्षित’ की ‘निर्धास्त’?

रत्नागिरीहून :
मावसभावाने इंग्रजीत लिहिलेल्या बालपणीच्या आठवणींचे मी भाषांतर करीत आहे. मे महिन्यात मुंबईहून गावी येताना, रात्रीच्या वेळी कशेडी घाटात, फियाटच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोके ठेवून पडल्यावर त्याला काय वाटत असे, ते सांगणाऱ्या वाक्यापाशी मी अडले आहे. मी ‘सुरक्षित वाटायचे’ असे लिहिले होते. मावशीने तो शब्द खोडून वर ‘निर्धास्त’ लिहिले. तिच्या मते ‘सुरक्षित’ हा दागिन्यांना आणि कागदपत्रांना लावायचा शब्द आहे. आपणांस काय वाटते?

चिपळूणहून :
मावशींचा मान राखूनही मी असहमत आहे. ‘सुरक्षित’ म्हणजे ज्याचे नीट रक्षण केले आहे तो, म्हणजेच रक्षण करणारा या शब्दातच बसलेला आहे. ‘धास्ती’ हे मात्र ‘दहशत’ या परक्या शब्दाचे मराठीतले रूप असून त्याला आपण ‘निर्’ हा संस्कृत उपसर्ग जोडला आहे. सावरकरांनी १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात ज्या रत्नागिरीत भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेथे तरी हा विचार व्हावा. फारच झाले तर ‘निश्चिंत’ घ्यावा.

कणकवलीहून :
शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी कसा रुळला हे मला महत्त्वाचे वाटते. ‘बिनधास्त’ आणि ‘निर्धास्त’ यांचे मूळ एकच, तरीही बिनधास्त माणूस स्वतःच्या हिमतीवर असतो आणि निर्धास्त माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर. मला लहानपणी गाडी लागत असे, त्यामुळे आईच्या पदराच्या गाठीत आवळासुपारी असायचीच. एका गणपतीला घाटात पावसाने गाठले आणि वायपर बंद पडला, तेव्हा बाबांनी उतरून ओल्या तंबाखूची पुरचुंडी काचेवर घासली, पाणी काचेवर धरेनासे झाले, आणि मग डोके पुढे काढून, एकेक वळण जोखत त्यांनी गाडी खाली आणली. मी हे सगळे अर्धवट झोपेत पाहिले आणि कूस बदलून पुन्हा झोपले. खूप वर्षांनी ते म्हणाले की त्या रात्री स्टिअरिंगवरचे त्यांचे हात थरथरत होते. सगळी धास्ती त्यांनी घेतली होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ‘निश्चिंत’ या शब्दात ही देवघेव येत नाही.

देवगडहून :
आमच्याकडे आजोबा अशा वेळी मागे न वळता ‘मी आसंय मा’ एवढेच म्हणत, आणि तेवढ्याने भागत असे. याला एक शब्द शोधण्याचा अट्टहास कशासाठी?

चिपळूणहून :
कारण भाषांतरात शब्द लागतो. कणकवलीकरांची आठवण हृद्य आहे, परंतु तिने माझाच मुद्दा सिद्ध होतो, कारण वडिलांनी तेथे रक्षणच केले. शिवाय ज्या मुलाला घाटाचे भय ठाऊकच नव्हते, ते निर्धास्त कसे म्हणावे? धास्ती आधी असावी लागते, तेव्हाच ती जाते.

कणकवलीहून :
भय ठाऊक होते. दरीच्या बाजूला बसायचे नाही म्हणून आम्ही भावंडे भांडत असू.

रत्नागिरीहून :
सर्वांचे आभार. तूर्त दोन्ही शब्द पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. याच उताऱ्यात पुढे आणखी एक अडचण आली आहे. गाडी अंगणात थांबली, इंजिन बंद झाले, कंदिलाचा उजेड डोळ्यांवर आला की जाग यायची. तरीही वडिलांनी खांद्यावर टाकून माजघरात न्यावे म्हणून डोळे मिटून तसेच पडून राहायचे. ‘झोपेचे सोंग’ म्हटले तर त्यात लबाडी येते, आणि मुलाच्या मनात ती नव्हती. यासाठी आपल्याकडे कोणी काही म्हणत असे का?