मदत हवी आहे: अणुवीज प्रकल्पाची जागा, वेटेड ओव्हरलेचं (नकाशाच्या थरांना भारांक देऊन गुणांची बेरीज करण्याच्या पद्धतीचं) उत्तर पटत नाही

मंडळी, एम.टेक.च्या प्रबंधासाठी रायगड ते सिंधुदुर्ग किनारपट्टीवर अणुवीज प्रकल्पाला योग्य जागा शोधतोय. प्रकल्प हवा की नको हा वाद कृपया इथे नको, माझी अडचण पद्धतीची आहे.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलेले थर: एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीच्या 30 मीटर डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून) उंची व उतार, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरचे भ्रंश (खडक जिथे तुटून सरकलेत त्या रेषा), 2011 च्या जनगणनेची गावनिहाय लोकसंख्या, समुद्रापासूनचं अंतर, आयएस 1893 या भारतीय मानकातले भूकंप झोन, भूवापर. भारांक एएचपीने (निकषांची जोडीजोडीने तुलना करून) काढले, त्या तुलना एकमेकींशी जुळतात का हे सांगणारं सुसंगती गुणोत्तरही 0.10 या मान्य मर्यादेच्या खाली. कागदावर सगळं आलबेल! पण नकाशात मोठ्या गावांना खेटून असलेले, भ्रंशाजवळचे पट्टेही 'अतियोग्य' निघाले. समुद्राचं पाणी आणि सपाटी यांचे गुण बाकीचे दोष भरून काढतात. गाईड म्हणतात, भारांक बदलून बघ. हवं ते उत्तर येईपर्यंत आकडेच हलवायचे, तर विश्लेषण कशाला?

शिवाय भूकंप झोनने फारसा फरकच पडत नाही, पट्टीचा बराच भाग एकाच झोनमध्ये आहे. आणि 1993 मध्ये किल्लारी हादरलं तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. मग या थरावर विसंबायचं कसं?

कातळवाट: बाद करण्याचे निकष आणि गुण देण्याचे निकष तू एकाच टोपलीत घातलेस. आधी चाळणी लाव. सक्रिय भ्रंश 5 किमीच्या आत असेल तर एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) निकषांनुसार जागा बाद, मग पाणी कितीही जवळ असो. चाळणीतून उरेल तेवढ्यालाच भारांक. झोनचा थर काढून टाक, भ्रंशापासूनचं अंतर आणि जुन्या भूकंपांचे केंद्रबिंदू घे. कोयना 1967 विसरू नकोस. लोकसंख्या त्या पेशीतली (नकाशातल्या एका चौकोनातली) नको, भोवतालच्या 10 किमी वर्तुळाची बेरीज हवी. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) पेशीत माणूस शून्यच येणार, वस्ती खाली खाडीकाठी असते.

आणि भूवापरासाठी फक्त एप्रिलचं उपग्रहचित्र घेतलं असशील तर अख्खा सडा 'पडीक' दिसेल. पावसाळ्यानंतरचंही घे. तिथे गुरं चरतात, गवत कापतात, कडेने कलमं असतात.

दर्यावर्दी: डीईएमबद्दल एक. जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राची मूळ टेकडी सुमारे 35 मीटर उंच होती. बांधताना ती कापून अणुभट्ट्या 10 मीटरवर आणल्या, आणि 2011 ची त्सुनामीची लाट 14-15 मीटर चढली. डीईएम तुला आजचा सडा दाखवतं, बांधकामानंतरचा नाही. जोत्याची उंची वेगळी गृहीत धर.

धागाकर्ता: दोघांचेही आभार, चाळणी लावून पुन्हा चालवतो. कातळवाट, 10 किमीच्या बेरजेसाठी गावाची लोकसंख्या मध्यबिंदूवर टाकू की क्षेत्रफळावर पसरवू? आमच्याकडे एकेका महसुली गावाच्या वाड्या तीन-तीन किमी लांब असतात.

कातळवाट: दोन्ही नको. इमारतींचा थर मिळतो का बघ, गावाची लोकसंख्या त्या इमारतींवर वाटून टाक.