पिट्सबर्ग: पोलादाच्या पलीकडचं थोडंसं

अमेरिकेतलं पिट्सबर्ग म्हटलं की बोलण्यात पोलाद, धूर आणि पूल एवढंच येतं. धुराचं खरंच आहे. 1940च्या दशकात तिथे भर दिवसा रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. पण मला त्या गावाचे चढ-उतार जास्त आवडतात.

पोलाद कामगार राहायचे डोंगरावर आणि कारखाने खाली नदीकाठी. म्हणून उतारावर रूळ टाकून केबलने ओढायचे डबे आले. एक डबा खाली येतो, त्याच्या वजनाने दुसरा वर जायला मदत होते. आपल्या रहाटासारखंच की! अशा बऱ्याच इन्क्लाईन होत्या, आता दोनच उरल्यात: मोनोंगाहेला (1870) आणि ड्यूकेन (1877). दोन्ही अजून चालू आहेत. शिवाय शेकडो सार्वजनिक जिने आहेत, आणि त्यातले काही नकाशावर चक्क 'रस्ता' म्हणून दाखवलेत. जीपीएसवर विसंबलात तर गाडी पायऱ्यांपाशी!

गंमत नावाचीही आहे. 1891 मध्ये सरकारी मंडळाने स्पेलिंगमधला शेवटचा 'एच' काढून टाकला. गावकरी हटून बसले आणि 1911 मध्ये तो परत मिळवला.

जोनास साल्क यांची पोलिओची लसही इथल्याच विद्यापीठात तयार झाली. आणि पेन हिल्स या उपनगरातलं वेंकटेश्वराचं देऊळ 1970च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या देवळांपैकी एक. गेलात तर प्रसादाचा चिंचभात सोडू नका.

हो, सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणारा आपल्या आधी आडवा घुसतो. कायद्यात बसत नाही, पण रिवाज आहे. सांभाळून.