‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ला मराठीत काय म्हणायचं? ‘सजीवपट’ चालेल का?

रफार
२०१९ च्या ‘द लायन किंग’वरचा, म्हणजे १९९४ च्या कार्टूनवरून पुन्हा काढलेल्या सिनेमावरचा, एक लेख मराठीत आणतेय. त्यात या सिनेमाला लाइव्ह-अ‍ॅक्शन म्हटलंय, म्हणजे चित्रं न काढता खरी माणसं, खरे प्राणी कॅमेऱ्यावर टिपलेला. बऱ्याच समीक्षकांची तक्रार एकच होती, की दिसायला अप्रतिम आहे पण प्राण्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. मी लाइव्ह-अ‍ॅक्शनला ‘सजीवपट’ केलं आणि पुढच्याच ओळीत आलं ‘निर्जीव चेहरे’. संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. दुसरा शब्द सुचवा, उद्या द्यायचंय.

अनुस्वार
सजीवपट नकोच. अ‍ॅनिमेशनच्या मुळाशी लॅटिन ‘अ‍ॅनिमा’ आहे, म्हणजे श्वास, जीव. आपल्या प्राण आणि अनिल या शब्दांतला ‘अन्’ धातू त्याचाच भाऊबंद. म्हणजे चित्रात जीव ओततो तो कार्टूनवाला, मग सजीवपट कुणाला म्हणायचं?

कानामात्रा
आमच्या घरी सरळ दोन शब्द होते, चित्रांचा पिक्चर आणि माणसांचा पिक्चर. लहान मुलालाही कळतं.

रफार
पण यात माणूसच नाहीये हो! आणि खरा प्राणीही नाही. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनीच सांगितलंय की सुरुवातीच्या सूर्योदयाचा तेवढा एक शॉट कॅमेऱ्यावरचा, बाकी सगळं कॉम्प्युटरवर. गोल्डन ग्लोबला तर अ‍ॅनिमेशनपटांतच नामांकन होतं.

अनुस्वार
मग मूळ शब्दच चुकलाय, चुकलेल्याचं भाषांतर कशाला? ‘वास्तवाभासी’ म्हणा.

कानामात्रा
वास्तवाभासी बोलून बघा एकदा तोंडाने. कोण म्हणतं असं? लाइव्ह-अ‍ॅक्शनच ठेवा, टेबल ठेवलंच ना आपण.

पोटफोड्या
लोक बोलतात म्हणून सगळंच घ्यायचं तर मग बोलपट, मूकपट झालेच नसते. कुणीतरी घडवले म्हणूनच रुळले. आणि कार्टूनला व्यंगचित्रपट म्हणा की.

कानामात्रा
त्यात व्यंग कुठंय? १९९४ च्या कार्टूनमध्ये बाप मेल्यावर तो छावा त्याच्या पंजाखाली शिरून निजतो, ते बघून मी रडलोय, हसलो नाही. त्याच्या भुवया वर जातात, डोळे भरतात, हे रेघेला जमतं. खऱ्या सिंहाला तशा भुवयाच नाहीत, तर खऱ्यासारखा काढल्यावर दुःख दाखवणार कुठे? समीक्षक बरोबरच बोलले.

पोटफोड्या
प्रेक्षकांनी तरी डोक्यावर घेतला ना? दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. तुमचे समीक्षक स्मरणरंजनात अडकलेले.

अनुस्वार
स्मरणरंजन हा शब्द मला कधीच पटला नाही. नॉस्टॅल्जियात ग्रीक ‘आल्गोस’ आहे, वेदना. रंजन कुठून आलं? गतकातरता म्हणा.

पोटफोड्या
कातरता म्हणजे घाबरटपणा. आठवणीने कुणी घाबरतं का?

अनुस्वार
कातरवेळ म्हणता तेव्हा घाबरता का? जीव कसनुसा होतो, तीच ही कातरता.

कानामात्रा
हुरहूर म्हणा ना. आई तेच म्हणायची, जुनं गाणं लागलं की हात थांबायचा तिचा आणि म्हणायची, हुरहूर लागते गं.

रफार
हुरहूर सुंदर आहे, लेखात एका ठिकाणी लगेच घातला. पण माझा लाइव्ह-अ‍ॅक्शन अजून तसाच लाल रेघेखाली आहे.

पोटफोड्या
हुरहूर पुढच्या काळजीचीही असते, परीक्षेच्या आदल्या रात्री लागते ती काय मग?

कानामात्रा
ती धाकधूक.