‘जस्ट यू वेट’ आणि ‘चांगलाच धडा’

पाटीपेन्सिल

गेल्या आठवड्यात ‘माय फेअर लेडी’ची संहिता आणि पुलंची ‘ती फुलराणी’ पाठोपाठ वाचून काढली आणि एका शब्दापाशी अडकले. शब्द साधाच आहे: धडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘ती फुलराणी’ (१९७५) हे जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं रूपांतर म्हणून ओळखलं जातं. हिगिन्स नावाचा भाषेचा प्रोफेसर एलायझा या फुलवालीला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो, ही शॉची गोष्ट; पुलंकडे त्यांचे जहागीरदार आणि मंजुळा झाले. पण भक्ती बर्व्यांनी अजरामर केलेलं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत शॉच्या नाटकात शोधायला जाल तर सापडणार नाही. तिथे एलायझा रडते, चिडते, हिगिन्सवर सपाता फेकते, पण एकटीच उभी राहून त्याच्या नावाने असे खडे फोडत नाही. ते येतं १९५६च्या ब्रॉडवेवरच्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत, लर्नर आणि लोवे या जोडीच्या ‘जस्ट यू वेट’ या गाण्यात. म्हणजे पुलंच्या नाटकाला एक आई आणि एक मावशी आहे, आणि सगळ्यात गाजलेला दागिना मावशीकडून आला आहे.

आता गाण्याचे शब्द पाहा. ‘जस्ट यू वेट’ म्हणजे ‘थांब जरा, बघतेच तुला’. त्यात धडा नाही, शिकवणं नाही. मग हा धडा आला कुठून? ‘धडा’ या शब्दाच्या इतर छटा कोणाला ठाऊक असतील तर लिहा. मला सुचतात त्या अशा: धडे गिरवणे, धडा घेणे, धडा मिळणे, धडा शिकवणे.

तागडी

दोन जुने अर्थ तुमच्या यादीत राहिले.

एक, तराजूतला धडा. तेल किंवा तूप घ्यायला आपण आपलं भांडं घेऊन जातो, तेव्हा दुकानदार आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात खडे, मोळे, हाताला लागेल ते टाकून काटा मधोमध आणतो. त्याला भांड्याचा धडा करणं म्हणतात. मग पुढे वजन टाकलं की फक्त तेलाचं वजन भरतं. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून हा शब्द गेलाच म्हणा. आता एक बटण दाबलं की शून्य.

दोन, मनाचा धडा करणे. म्हणजे मन घट्ट करणं, हिय्या करणं. हा अजून लिखाणात भेटतो.

गंमत म्हणजे हे दोन्ही अर्थ मंजुळेला लागू पडतात. एका पारड्यात जहागीरदार आडनावाचा प्रोफेसर, दुसऱ्यात गजरे विकणारी पोर. तिला काटा मधोमध आणायचा आहे.

विंगेतून

तागडी, मजा आली, पण पुलंनी ते वाक्य लिहिताना तेलाचं भांडं डोळ्यांसमोर ठेवलं असेल असं मला वाटत नाही. शब्दकोश हाताशी असला की आपण लेखकाच्या खिशात नसलेली नाणीही काढून दाखवतो.

तिथला ‘धडा’ सरळ शाळेतलाच आहे आणि त्यातच त्याची कमाल आहे. धमकी द्यायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: अद्दल घडवीन, जिरवीन, खोड मोडीन, इंगा दाखवीन, हिसका दाखवीन, पाणी पाजीन. यातला कुठलाही टाकला तरी ‘जस्ट यू वेट’चं भाषांतर झालं असतं. जहागीरदार दिवसभर मंजुळेला धडे देतोय: असं बोल, तसं बोल, पुन्हा म्हण. रात्री ती म्हणते, मी तुला शिकवीन. वर्गातली खुर्ची एका क्रियापदात फिरली. इंग्रजी गाण्यात हा उलटा डाव नाही. तिथे तिची दिवास्वप्नं आहेत: राजा येतो, वीस मे हा दिवस तिच्या नावाने जाहीर करतो, आणि तू मागशील ते देतो म्हणाल्यावर ती हिगिन्सचं मुंडकं मागते. स्वप्न फर्मास आहे, पण शिष्याने गुरूचीच भाषा गुरूवर उलटवणं तिथे नाही.

आणि ‘पाठ’ हा शब्द लावून बघा. ‘तुला शिकवीन चांगलाच पाठ.’ हसू येतं की नाही? पाठाने आजवर कोणी घाबरलेलं नाही.

ऱ्हस्वदीर्घ

सगळे ‘धडा’ शब्दाकडे बघताय, माझं लक्ष ‘च’कडे. ‘चांगला धडा’ म्हणजे पाठ्यपुस्तकातला, दोनदा वाचावासा वाटणारा धडा. ‘चांगलाच धडा’ म्हणजे मार. एका अक्षराने पुस्तकाची छडी झाली. इंग्रजीला इथे सूर चढवावा लागतो किंवा आणखी दोन शब्द टाकावे लागतात.

आणि क्रियापद ‘शिकवीन’ आहे, ‘शिकवेन’ नाही, हेही नोंदवून ठेवा. जुना दंडक असा की सकर्मक क्रियापदाला ‘-ईन’: करीन, लिहीन, सांगीन. अकर्मकाला ‘-एन’: बसेन, उठेन, पडेन. (जाईन, येईन हे अपवाद.) आज शिकली-सवरलेली माणसं सर्रास ‘मी शिकवेन’, ‘मी करेन’ म्हणतात. म्हणजे जिची भाषा अशुद्ध म्हणून सगळं नाटक उभं राहिलं, तिच्या तोंडी व्याकरणाप्रमाणे चोख रूप आहे, आणि प्रेक्षागृहात बसलेले अर्धे शुद्धवाले घरी जाऊन ‘शिकवेन’ म्हणणार.

पाटीपेन्सिल

ऱ्हस्वदीर्घ, हे डोक्यातही आलं नव्हतं!

एक आठवण सांगते, विषयाला धरूनच आहे. सातवीत असताना गॅदरिंगला मी हे स्वगत केलं होतं. बाईंनी ते बसवून घेतलं, पण आधी हातात लाल पेन घेऊन. गावठी वाटलेला प्रत्येक शब्द खोडून वर प्रमाण रूप लिहिलं. सगळे ‘ण’ जागेवर, सगळे ‘ळ’ जागेवर. मी ते घडाघडा म्हटलं आणि सभागृह गार. एक हसू नाही. जहागीरदाराने सहा महिन्यांत केलं नसेल ते बाईंनी दोन तासिकांत केलं.

तिसरीघंटा

हाहा, बाईंना नाटक कळलं नाही असं म्हणवत नाही. त्यांना ते फारच कळलं!

मला या वाक्यातला आणखी एक शब्द महत्त्वाचा वाटतो: ‘तुला’. इंग्रजीत ‘यू’ एकच. हिगिन्स एलायझाला यू म्हणतो, ती त्याला यू म्हणते, दोघं हिगिन्सच्या मित्राला, कर्नल पिकरिंगला, यू म्हणतात. तू-तुम्हीचा प्रश्नच नाही. त्यामुळे इंग्रजीत दर्जा दाखवायचं काम उच्चारांवर पडतं: ‘ह’ गाळून ‘एन्री इगिन्स’ म्हटलं की बाई कुठल्या गल्लीतली ते कळलं. मराठीत ‘ह’ गाळून कोणी खालचं ठरत नाही. आपल्याकडे पहारेकरी वेगळे: आणि-आनि, पाणी-पानी, शाळा-साळा. रूपांतर करणाऱ्याला हे सगळे पहारेकरी बदलावे लागतात. पण मराठीने वरती एक हत्यार फुकट दिलं, ते म्हणजे एकेरी. मास्तरांना ‘तुम्ही’ म्हणायची रीत असलेल्या भाषेत मास्तर खोलीबाहेर गेल्यावर ‘तुला’ म्हणणं हेच अर्धं बंड आहे. इंग्रजी गाणं कितीही वर चढलं तरी त्या पायरीवर पोचत नाही, कारण ती पायरीच तिथे नाही.

तागडी

थोडं थांबा. एकेरी म्हणजे अपमान हे शहरी, पांढरपेशं गणित आहे. विठोबाला आपण तू म्हणतो, आईला तू म्हणतो, खेड्यात म्हाताऱ्या माणसालाही ‘आज्या, तू जेवलास का’ म्हणतात. मंजुळेच्या तोंडचा ‘तू’ बंडाचा असेलच असं नाही, तो तिचा रोजचा असू शकतो.

तिसरीघंटा

तिचा रोजचा असेलही, पण तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाचा नाही ना. हशा त्याच्याकडून यायचा आहे.

तागडी

हे मान्य.

विंगेतून

संगीतिकेच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, नाहीतर ही एकतर्फी आरती व्हायची. ‘माय फेअर लेडी’त ‘जस्ट यू वेट’ दोनदा येतं. पहिल्यांदा रागात. दुसऱ्यांदा दुसऱ्या अंकात, मोठ्या मेजवानीत सगळ्यांनी एलायझाला खरी लेडी मानल्यावर, जेव्हा हिगिन्स आणि कर्नल एकमेकांची पाठ थोपटतात आणि तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तीच चाल, पण आता ती रडतेय, धमकीतली हवा गेलेली. चाल कानाला ओळखीची असते म्हणूनच ते लागतं. स्वगताला ही सोय नाही. गद्यात तेच वाक्य पुन्हा म्हटलं तर पुनरुक्ती होते, गाण्यात म्हटलं तर आठवण होते. ज्युली अँड्र्यूज आणि रेक्स हॅरिसनचा तो मूळ प्रयोग २,७१७ वेळा झाला, तो काही नुसत्या टोप्या आणि झग्यांवर नाही.

पुलंनी वाद्यवृंद सोडला आणि त्याची भरपाई भाषेच्या ठेक्यातून केली. ते स्वगत पाठ करणाऱ्या मुली गाणं पाठ करावं तसंच करतात.

शॉला मात्र हे सगळं पसंत पडलं नसतं. त्याच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ साली ‘द चॉकलेट सोल्जर’ नावाची संगीतिका निघाली. ती त्याला इतकी खटकली की पुढे ‘पिग्मॅलियन’ला त्याने चाल लावू दिली नाही. १९५०मध्ये तो गेला आणि मग सहा वर्षांनी ‘माय फेअर लेडी’ रंगमंचावर आली.

ऱ्हस्वदीर्घ

नावांचंही बोला की. ‘फ्लॉवर गर्ल’ला कोणीही फुलवाली म्हणालं असतं. ‘फुलराणी’ म्हटल्याबरोबर मराठी माणसाला बालकवी आठवतात, म्हणजे बाजारातली पोर एकदम हिरव्या मखमालीवर जाऊन बसते. वर ‘ती’. कोणीतरी लांबून बोट दाखवल्यासारखं.

‘माय फेअर लेडी’ हे नाव लंडन ब्रिजच्या बडबडगीतातलं, आणि त्यात एक कोटीही दडलीय असं म्हणतात: मेफेअर हा लंडनचा उच्चभ्रू भाग, आणि ‘मेफेअर लेडी’ एलायझाच्या उच्चारात ‘माय फेअर लेडी’ असंच ऐकू येईल. ही कोटी मराठीत आणणं अशक्य. पुलंनी तिच्यामागे धावत वेळ घालवला नाही, वेगळी कोटी केली. मुलीचं नाव मंजुळा. मंजुळ म्हणजे कानाला गोड. जिचा आवाज ऐकून भाषेचा प्रोफेसर कानावर हात ठेवतो, तिचं नाव मंजुळा!

नवखा

मूळ प्रश्नापासून थोडा बाजूला जातोय, पण याला रूपांतर म्हणायचं, अनुवाद म्हणायचं, की ‘बेतलेलं’? वर सगळे वेगवेगळं म्हणताहेत.

तिसरीघंटा

भाषांतरात माणसं लंडनमध्येच राहतात आणि मराठी बोलतात. रूपांतरात ती मुंबईला येतात, त्यांची आडनावं बदलतात, जातपात चिकटते. ‘बेतलेलं’ हा शिंप्याचा शब्द: कापड यांचं, माप त्यांचं. विनोदी नाटक बहुतेक वेळा रूपांतरच मागतं. शोक प्रवास बरा करतो, विनोदाला गाडी लागते. एलायझा १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर ‘ब्लडी’ म्हणाली तर केवढा गहजब झाला होता. १९५६पर्यंत त्या शिवीची धार गेली, म्हणून संगीतिकेत तिला अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत घोड्याच्या पार्श्वभागाचा उद्धार करावा लागला. त्यांच्याच भाषेत चाळीस वर्षांत शिवी बदलावी लागली, मग आपल्याकडे ‘ब्लडी’ला ‘च्यायला’ लिहून काय होणार? ‘च्यायला’वर आता शाळेतली पोरंही दचकत नाहीत.

आणि ‘रूपांतर’ शब्दच इथे शोभतो, कारण पिग्मॅलियनची गोष्ट ओव्हिडच्या ज्या काव्यात आहे त्या काव्याचं नाव ‘मेटामॉर्फसीज’, म्हणजे ‘रूपांतरं’च. शिल्पकार हस्तिदंताची बाई घडवतो, तिच्या प्रेमात पडतो, देवी तिला जिवंत करते. पुतळ्याची बाई, फुलवालीची लेडी, लेडीची फुलराणी.

पाटीपेन्सिल

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. माझ्या वहीत मी ‘धडा’समोर तागडींचे दोन अर्थ, ‘च’ आणि ‘-ईन’ एवढं टिपून ठेवलंय.

जाता जाता एक शेवटचं. ‘माय फेअर लेडी’ संपते ती हिगिन्सच्या सपातांवर: एलायझा परत येते आणि तो टोपी डोळ्यांवर ओढून विचारतो, माझ्या सपाता कुठे मेल्या? या वाक्याचं नीट मराठी मला जमत नाहीये. मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तो नवरा वाटला.

तागडी

कारण मराठीत ‘माझ्या सपाता कुठायत’ असं नवराच विचारतो.

तिसरीघंटा

आधी तो तिला आता ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’ ते ठरवा. सपाता नंतर शोधू.