ओढ्याकाठची ११ एकर: आधी जमीन घ्यावी की आधी ग्रँट?

अर्धा_मैल:
अमेरिकेतल्या एका लहान टाउनला पार्क आणि पायवाटेसाठी ओढ्याकाठची ११ एकर जमीन घ्यायची आहे. जमीन ४ लाख डॉलर. पायवाट आणि मुलांचं खेळाचं मैदान मिळून आणखी २ लाख. लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंडातून (मैदानी करमणुकीच्या जागांसाठीचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा निधी) निम्मे मिळतील असं धरलंय. टाउनकडे रोख ९० हजार आहेत. मालक म्हणतो ९० दिवसांत व्यवहार उरका. श्रमदान टाउनच्या उरलेल्या वाट्यात धरता येतं का? आणि वायव्य कोपऱ्यात मोबाइल टॉवर आहे, त्याचं भाडं टाउनला सोडायचं नाही. क्रम कसा लावावा?

सातबारा_ते_डीड:
खरेदीखत आत्ता करू नका. फेडरल मंजुरीआधी झालेला जमिनीचा खर्च परत मिळत नाही आणि ही चूक मागाहून निस्तरता येत नाही. मालकाला इसार देऊन ऑप्शन करार करा: किंमत ठरलेली, मुदत ठरलेली, ग्रँट न मिळाल्यास बाहेर पडायची सोय. मुदत मात्र दीड वर्षाची मागा. अर्ज आधी राज्याकडे जातो, राज्य निवड करतं, मग नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे हा फंड चालवणारं फेडरल खातं. मधे पर्यावरण आणि पुरातत्त्वाची तपासणी. ९० दिवसांत यातलं काहीही होत नाही.

मालक ऐकतच नसेल तर राज्यामार्फत 'वेव्हर ऑफ रेट्रोअ‍ॅक्टिव्हिटी' मागा. ते पत्र हातात पडेपर्यंत सही नाही. त्यानं ग्रँटची हमी मिळत नाही. आधी घेतलेली जमीन अपात्र ठरत नाही, एवढंच.

किमतीचा हिशेब अप्रेझलवर (तज्ज्ञाच्या मूल्यांकनावर) होतो, मालकाच्या आकड्यावर नाही. अप्रेझलही 'यलो बुक' नावाच्या फेडरल मानकानुसार हवं, बँकेच्या कर्जासाठी करतात ते चालत नाही. समजा ते ३,४०,००० आलं, तर वरच्या ६०,००० चा भार टाउनवरच येईल, असं धरून चाला.

आणि हे पैसे परतफेडीचे आहेत. ठेकेदाराचं ४०,००० चं बिल आधी टाउननं चुकवायचं, पावती जोडून मागणी करायची, मग २०,००० येणार. ९० हजारांवर ६ लाखांचं काम ओढणं अशक्य. कौन्सिलकडून तात्पुरत्या कर्जाचा ठराव अर्जाआधीच करून घ्या.

नकाशेवाला:
टॉवरचं प्रकरण मला पैशापेक्षा गंभीर वाटतं. या फंडाचा पैसा लागला की कायद्याच्या कलम ६(एफ)(३) खाली ती जमीन कायमची सार्वजनिक मैदानी करमणुकीला बांधली जाते. वीस-पंचवीस वर्षांसाठी नाही, कायमची. पुढे कुठला तुकडा दुसऱ्या कामाला वापरायचा तर तेवढ्याच बाजारभावाची, तितक्याच उपयोगाची बदली जमीन द्यावी लागते आणि वॉशिंग्टनची मंजुरी लागते.

म्हणून अर्जाला जोडायचा हद्दीचा नकाशा अत्यंत काळजीनं काढा. टॉवरचा चौथरा, तिथवर जाणारा रस्ता आणि जमिनीखालची केबल, तिन्हींची मोजणी करून ती हद्दीबाहेर ठेवा. बहुतेक जण चौथरा वगळतात आणि रस्ता विसरतात. मग टॉवरची गाडी रोज संरक्षित जमिनीवरून जाते आणि पुढच्या तपासणीत नेमकं तेच सापडतं. तपासणी दर पाच वर्षांनी होते. भाडेकरार अर्जात लपवू नका. तसंच, उद्या तिथे वाचनालय किंवा शाळेची इमारत बांधायचा विचार असेल तर तो भागही आजच बाहेर काढा.

हजेरीपट:
श्रमदान चालतं, पण मंजुरीनंतरचं आणि कागदावर असलेलं. 'शनिवारी २० जण आले' ही नोंद कुचकामी. प्रत्येकाची वेगळी ओळ हवी: तारीख, नाव, काम ('पायवाटेवर खडी पसरणे'), ८:३० ते ११:३०, ३ तास, सही. दर त्या कामाच्या स्थानिक मजुरीचा. हाडाचा डॉक्टर खडी पसरत असेल तरी दर खडी पसरणाऱ्याचाच.

फेडरल पैशाला फेडरल पैसा सहसा मॅच होत नाही, म्हणजे टाउनचा वाटा म्हणून दाखवता येत नाही. कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट (वस्त्यांच्या विकासाचं फेडरल अनुदान) हा अपवाद. पायवाटेसाठी रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम हा दुसरा फेडरल निधी वेगळा बघा. तिथे फेडरल वाटा सहसा ८० टक्क्यांपर्यंत असतो. सक्तीच्या भूसंपादनाला मात्र तो पैसा लावता येत नाही.

अर्धा_मैल:
ऑप्शन कराराचं वकिलाला सांगतो. मैदानाची खेळणी सवलतीत मिळताहेत, आत्ता घेऊन ठेवली तर?

हजेरीपट:
नको. मंजुरीआधीची खरेदी धरत नाहीत, आणि २०२२ पासून 'बिल्ड अमेरिका, बाय अमेरिका' कायदा लागू आहे: लोखंड, पोलाद, तयार वस्तू अमेरिकेत बनल्याचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याचं 'हो हो, इथलंच आहे' पुरत नाही. निविदेतच ती अट घाला.

सातबारा_ते_डीड:
पायवाटेचा आराखडाही आताच तपासा. चढ ५ टक्क्यांच्या आत असेल तर व्हीलचेअरसाठी लांबीची मर्यादा येत नाही, ८.३३ टक्क्यांपर्यंत गेला तर सलग २०० फुटांनंतर विसाव्याची जागा द्यावी लागते. ओढ्याकडचा आडवा उतार खडीच्या वाटेला कमाल ५ टक्के ठेवा. अगदी सपाट केलीत तर पाणी वाटेवरच साचून तिचाच ओढा होतो, आणि दुरुस्तीचा खर्च टाउनच्या माथी.