टँकरच्या दिवसांत परसबाग: हौस की माज?

वाळवण
लातुरात राहते. नळाला बारा-बारा दिवस पाणी नाही, मध्ये टँकर. तरी परसात पाच वांगी, गवारीची एक ओळ, कढीपत्ता आणि शेवगा जगवलाय. काल शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी उतू चाललंय वाटतं." लागलं हो मनाला. झाडांना चांगलं पाणी तांब्याभरसुद्धा देत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, दिवसाकाठी एक बादली साठतं तेवढंच. वांग्यांच्या मध्ये भाजलेल्या मातीचं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. भरून वर झाकणी ठेवली की मुळांशी झिरपत राहतं. बुडाशी उसाचं पाचट. आता यात माज कुठला?

धनेगावकर
ताई, 2016 इतक्यात विसरलात? मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमधली पहिली खेप 10 वाघिणींची, 5 लाख लिटर. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतात म्हणून 144 कलम लावलं होतं शहरात. आणि "वापरलेलं पाणी" म्हणजे फुकटचं नव्हे. आमच्याकडं तेच संडासात ओततात. तुमची एक बादली वांग्याला गेली की संडासाला एक बादली चांगली गेली. हिशेब तिथंच येतो.

वाळवण
संडासाला अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी जातं दादा. ते साबणाचं, झाडांना मी तसंही घालत नाही. हिशेब मलाही येतो.

गॅलरीतली_मेथी
पुण्याहून. आमच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मी सगळ्या कुंड्यांना घालते. एकही थेंब गटारात नाही! इच्छा असली की जमतं.

धनेगावकर
कुंडीच्या मातीवर पांढरा थर धरलाय का बघा. त्या पाण्यात क्षार जास्त. पावसाळा झाला तर धुऊन जातात, नाही झाला तर साठत राहतात. मग पानांच्या कडा करपतात आणि माणूस म्हणतो, ऊन फार आहे.

गॅलरीतली_मेथी
बघितलं. आहे थर. 🙁

बदनापूरचा_मोसंबीवाला
चालू द्या तुमचं. 2013 ला आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. आम्ही विकतचे टँकर लावून दोन एकर जगवायला गेलो. बाग गेली, कर्ज राहिलं. बारा वर्षांच्या झाडाला स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली की पाच वांग्यांवरच्या भांडणाचं हसू येतं. पण एक सांगतो. त्याच वर्षी आईनं न्हाणीच्या मोरीला चर काढून शेवगा जगवला होता. साबण असूनही तगला. बाजारची भाजी परवडत नव्हती, आठवड्यातून दोनदा त्याच शेंगांची आमटी. तेव्हा वैताग यायचा. परसाला माज म्हणणाऱ्यानं घरात किती माणसं जेवतात तेही विचारावं.

धनेगावकर
शेवग्याला माझी ना नाहीच. एकदा मूळ खोल गेलं की तो कुणाकडं मागत नाही. गवारही काटक. माझा राग वांग्यावर आहे. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला सारखं पाणी लागतं, फूल गळतं, फळ धरत नाही, आणि एवढं करून हाती काय, पाव किलो.

वाळवण
पाव किलोचं मात्र खरं बोललात. तीन झाडं उपटते, मडक्याला टेकून असलेली दोन ठेवते. उरलेलं पाणी गवारीला.

धनेगावकर
आता कसं बोललात! आणि त्या काकूंना एकदा वांगी नेऊन द्या. तोंड बंद होईल.

वाळवण
मागच्या आठवड्यातच दिली होती. किडकी निघाली म्हणाल्या.