मदत हवी आहे: नवा गोठा नदीकडच्या सावलीत बांधावा की वरच्या माळावर? (निफाड, गोदाकाठ)

गोदाकाठची_सून:

नमस्कार मंडळी,

गोठ्याच्या जागेवरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय. ज्यांनी उन्हाळा आणि पूर दोन्ही अंगावर काढलेत त्यांनी सांगावं, नुसतं पुस्तकातलं नको.

आमचं गाव निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीला लागून. नऊ एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाई आहेत; सहा दुधात, दोन गाभण, एक भाकड. शिवाय चार कालवडी आणि दोन शेळ्या. ऊस, मका, कांदा आहेच, पण घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर. गोठ्याचं सगळं मी आणि जाऊबाई बघतो. जुन्या गोठ्याचे पत्रे गंजून चाळण झालेत, त्यामुळे दिवाळीनंतर नवा मुक्त संचार गोठा (गाई न बांधता मोकळ्या फिरतात तसा) करायचा हे ठरलं. कुठे, एवढंच ठरेना.

पहिली जागा जुनीच, मळ्यातली. तिथे आजेसासऱ्यांनी लावलेल्या दोन चिंचा आणि एक जांभूळ आहे. मे महिन्यात घरातला पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तेव्हा त्या चिंचेखाली गाई निवांत रवंथ करत बसतात. विहीर लागूनच. पण २००८, २०१६ आणि २०१९, तिन्ही वेळा तिथे पाणी आलं. लांबच्यांना वाटतं, पूर म्हणजे नदी समोरून अंगावर येते. आमच्याकडे तसं होत नाही. खाली नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा, वरून गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी, त्यात पुलाला पाणवेली येऊन अडकतात, आणि मग पाणी आधी गोठ्यामागच्या ओढ्यातून उलटं चढतं. नदीकडे बघत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दावी कापून गुरं रस्त्यापलीकडे काढली. एकही जनावर गेलं नाही, पण नंतरचं जास्त महागात पडलं. मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यात पाणी, गव्हाणीत वीतभर गाळ, रस्ता बंद म्हणून दुधाची गाडी नाही, लाइट नाही म्हणून धारेचं मशीन बंद. दोन गाईंना कासदाह (कासेची सूज) झाला. एकीचा एक सड कायमचा गेला.

दुसरी जागा रस्त्याच्या वर, मुरमाड माळ. तिथे आजवर पाणी चढलेलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या गारपिटीनंतर तिथली द्राक्षबाग मोडली, त्यामुळे मोकळीच आहे. पण झाड नावाला नाही. निफाडचं नाव पेपरात येतं ते थंडीसाठी, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा देऊन. आमच्या मेच्या उन्हाची बातमी कुणी करत नाही! गेल्या उन्हाळ्यात जागा पुरेना म्हणून दोन गाई माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधल्या होत्या. दुपारी बाराला मान लांब काढलेली, तोंड उघडं, लाळेची तार खालपर्यंत लोंबतेय. दिवसभर उभ्याच, बसायचं नाव नाही. अठरा लिटरची गाय तेरावर आली, फॅट उतरली. दुसरी माजावर आलेली कळायचंच नाही, आणि भरवली तर उलटायची, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर यायची. ते रडगाणं दिवाळीपर्यंत चाललं.

सासरे म्हणतात, नदी कधीमधी येते, ऊन दरवर्षी येतं. मालक म्हणतात, माळावर पंखे लावू. पण तिथे शेतीची लाइन आहे, ती कधी दिवसा तर कधी रात्री. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

माळ धरला तर झाडं वाढेपर्यंतचे उन्हाळे कसे काढायचे? आणि मळाच धरला तर जोतं उंच करून भागेल का? कुणी केलंय का असं?

चांदोरीचा_शेतकरी:

ताई, जोत्याचं आधी सांगतो, कारण आमच्या भावकीत ते केलेलं आहे. २०१६ च्या पुरानंतर त्यांनी चार फूट भराव टाकून गोठा उचलला. २०१९ ला गोठ्यात पाणी उशिरा आलं हे खरं, पण तोवर चारी बाजूंनी वेढा पडला होता. गोठा उंच झाला, वाट खालीच राहिली! गाई रात्रभर गुडघाभर पाण्यात उभ्या. होडीतून माणसं निघतात हो, एचएफ गाय कोण काढणार?

दुसरं म्हणजे पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम बसत नाही. उद्या गोठ्याच्या अनुदानाची फाइल लावाल तर तिथेच अडायची. माझं मत माळ.

मालेगावकर:

माळावर ऊन म्हणता, मेमध्ये आमच्याकडे एक चक्कर मारा. ४२-४३ ला आम्ही बातमी म्हणत नाही. तरी गाई आहेत आणि दूधही देतात.

पहिला प्रश्न: मोडलेल्या बागेचे अँगल आणि तारा विकल्या का? नसतील तर भंगारवाल्याला दारात उभा करू नका. गोठ्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याच अँगलवर मांडव घाला. पहिल्या वर्षी वर हिरवं शेडनेट. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत बुडाला गिलके, दोडका, दुधी लावून ठिबक द्या. एप्रिलपर्यंत वेल मांडवावर चढतो. नेटच्या सावलीत आणि पानांच्या सावलीत किती फरक असतो ते स्वतः उभं राहून बघा. वर गिलके खायला.

शेड बुटकं करू नका. लोक पत्रे वाचवायला आठ फुटांवर छप्पर टाकतात आणि मग पंखे घेत बसतात. मध्ये चौदा फूट, कडेला दहा, माथ्याला गरम हवा निघायला फट, आणि बाजूंना भिंत नको. पत्र्याला वरून चुन्याचा जाड हात. पाचट टाकायचं तर ओलं ठेवायची सोय हवी, नाहीतर एका ठिणगीचं काम आहे.

झाडं आजच लावा, गोठ्याची वाट बघू नका. शेवरी आणि सुबाभूळ लवकर उंच होतात, मागून कडुनिंब येईल. फुलं छान दिसतात म्हणून कण्हेर मात्र गोठ्याजवळ नको, विषारी आहे.

पशुवैद्य_येवला:

वरचं सगळं बरोबर. मी गाईच्या बाजूने थोडं सांगतो.

एचएफ गाईला पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर त्रास सुरू होतो, आपल्याला हवा छान वाटते तेव्हाच. त्यात पोटात चारा आंबताना तिची स्वतःची उष्णता तयार होत असते. म्हणून उन्हाळ्यात खुराक आणि कुट्टी पहाटे आणि रात्री द्या. दुपारच्या पोटात जड काही नको. दिवसभर उभ्या का राहतात म्हणाल, तर उभ्या गाईच्या अंगाला जास्त वारा लागतो. पण उभं राहून रवंथ कमी होतो, पाय दुखावतात. लाळ गळते त्याबरोबर सोडाही वाहून जातो, पोटात आम्ल वाढतं आणि फॅट पडते. दुधातल्या गाईला रोज ५० ते १०० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकातून, सोबत मीठ आणि खनिज मिश्रण. पाणी शंभर लिटरच्या पुढे लागतं आणि ते थंड लागतं. काळी टाकी उन्हात ठेवली तर गाय नुसतं तोंड लावून मागे फिरते.

तुमची गाय दिवाळीपर्यंत उलटली यात नवल नाही. बीजांड आधीचे दोन-तीन महिने अंडाशयात वाढत असतं. मेमध्ये गाय तापली की ते कमकुवत होतं, आणि त्याचा हिशोब पावसाळ्यात पुढे येतो. लोक तेव्हा रेतन करणाऱ्याला शिव्या देतात.

अजून एक. सगळीकडे बघतो, चांगली सावली दुधातल्या गाईला आणि भाकड-गाभण गाय कडेला उन्हात, 'ती काय दूध देतेय' म्हणून. शेवटच्या दोन महिन्यांत गाभण गाय तापली तर वासरू लहान होतं आणि पुढच्या वेताचं दूध कमी निघतं. सावलीत पहिला मान तिचा.

श्वास मोजायची सवय लावा. पोटाची बाजू वर-खाली होते ती मिनिटाला साठच्या पुढे गेली की ताण आहे, ऐंशीच्या पुढे गेली की लगेच पाणी आणि वारा द्या, थांबू नका. गरज पडली तर १९६२ ला फोन करा, फिरतं पथक येतं.

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी, मे-जूनमध्येच. पूर ओसरल्यावर धावपळ करून टोचली तरी ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. शेळ्यांना आंत्रविषाराची लसही त्याच सुमाराला.

पिंपळगावचा_भाऊ:

एवढं सगळं करण्यापेक्षा एचएफ विका आणि गीर घ्या. उन्हाला दणकट.

गोदाकाठची_सून:

भाऊ, गीर उन्हाला दणकट आहे हे मान्य, पण दूध निम्मंसुद्धा निघायचं नाही. हप्ते कुणी भरायचे?

डॉक्टरसाहेब, गाभण गाईचं वाचून पोटात गोळा आला. आमची भाकड आत्ता पश्चिमेच्या कडेलाच बांधलेली आहे, आजच आत घेते. मालेगावकर दादा, अँगल आहेत, तारांची भेंडोळी पण आहेत. मालक विकायला निघाले होते, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं.

मधला मार्ग सुचतोय, चालेल का बघा. गोठा माळावर बांधायचा, पण मार्च ते मे दुपारपुरत्या गाई मळ्यात चिंचेखाली आणायच्या. अंतर अर्धा किलोमीटर. भीती बिबट्याची आहे, काठाला सगळा ऊस.

चांदोरीचा_शेतकरी:

चालेल की! सकाळची धार झाली की ऊन चढायच्या आत खाली आणा, दिवस मावळायच्या आधी वर. येताना डांबर तापलेलं असतं, कडेच्या मातीवरून चालवा, खुरं सोलवटतात. कालवडी आणि शेळ्या खाली आणूच नका, बिबट्या त्यांच्याच मागावर असतो. त्यांना माळावर वरून-खालून जाळी मारलेला कप्पा करा. आणि मिरगाला चिंचेखालची दावण उचलायची ती उचलायचीच. 'अजून पाऊस कुठे आहे' म्हणत ऑगस्टपर्यंत खाली गाई ठेवणारे आमच्याकडे कमी नाहीत.

भरपाईचंही माहीत असू द्या. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत पुरात दुधाळ गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये होते, तेही घरटी तीन मोठ्या जनावरांपर्यंत. तुमच्या गाईची बाजारातली किंमत तुम्हाला ठाऊक आहे. कानातल्या बिल्ल्यासकट प्रत्येक गाईचा फोटो आत्ताच काढून ठेवा. पंचनाम्याला आणि शवविच्छेदनाला तोच लागतो. उन्हाने गाय गेली तर त्या निकषांत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा सरकारदरबारी तेव्हा धरलेला नव्हता असं समजा.

गोदाकाठची_सून:

सासऱ्यांना हे वाचून दाखवायची हिंमत जाऊबाई करतील, मी नाही. त्यांच्या चिंचा वापरात राहणार म्हटल्यावर जरा विरघळलेत मात्र.

शेवटचे तीन प्रश्न. माळावर शेडची दिशा कोणती? फॉगर (पाण्याचं बारीक धुकं फवारणारे) घ्यावेत का? आणि मुरघास खड्ड्यात की बॅगेत?

पशुवैद्य_येवला:

दिशेचं उत्तर दोन प्रकारचं मिळेल आणि दोन्ही खरी आहेत. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचं ऊन आत कमी येतं. उत्तर-दक्षिण ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं ऊन आत फिरतं आणि जमीन वाळते. तुमचा माळ मुरमाड, पाणी मुरतं, चिखलाचा त्रास कमी, तेव्हा छप्पर पूर्व-पश्चिम घ्या. मोकळं आवार उत्तरेला न ठेवता दक्षिणेला काढा, म्हणजे पावसाळ्यात आणि थंडीत तिथे ऊन पोचेल. उन्हाळ्यात त्यावर अँगलचा मांडव येतोच आहे.

फॉगर मेच्या कोरड्या हवेत चांगला चालतो. ऑक्टोबर हीटमध्ये हवा दमट असते, तेव्हा बारीक धुक्याने गोठा नुसता कोंदट होतो. त्या दिवसांत नळीने गाईची पाठ ओली करा आणि वर पंखा सोडा. पंखा गावठाणच्या सिंगल फेजवरून घेता आला तर बघा, शेतीच्या लाइनवर विसंबू नका.

मालेगावकर:

मुरघास बॅगेतच, माळावर, मुरमाच्या ओट्यावर. उंदरांनी बॅगेला भोक पाडलं की तिथून बुरशी धरते, तेव्हा आठवड्याला फेरी मारून चिकटपट्टी लावत जा. बुरशी आलेला थर फेकायचा, 'भाकड गाईला घालू' नाही, डॉक्टरांनी वर काय सांगितलंय ते बघा. आणि मळ्यातला जुना खड्डा बुजवून टाका, पुराचं पाणी त्यात साचून राहतं आणि एखादी कालवड आत पडायची.